उलटा लावलेला पट्टा

१

फोन आला तेव्हा ताईच्या दातांत चिकटपट्टीचं टोक होतं आणि मांडीवर भांड्यांचं अर्धवट भरलेलं खोकं. मान वाकडी करून तिने फोन खांद्यात धरला, ‘हं’ म्हणाली, आणि ऐकत राहिली. चिकटपट्टी दातांतून सुटून ओढणीला चिकटली तरी तिला पत्ता नव्हता.

“काय गं?” चिमीने विचारलं. चिमी म्हणजे ताईची धाकटी बहीण. वजनं, तराजू, तापमापकं बरोबर दाखवतात की नाही हे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती नोकरी करायची, आणि सामान बांधायला म्हणून रजा काढून आली होती.

“कुणीतरी म्हणालं, ‘घर घ्यायच्या आधी त्यावरचा बोजा बघा. नीट बघा.’ आणि ठेवून दिला.”

खोलीत खोक्यांचा डोंगर होता. हे चौथ्या मजल्यावरचं घर विकून झालं होतं आणि त्याचे नवे मालक शनिवारी यायचे होते. गुडघे धरत जिना चढणाऱ्या आईसाठी खाली एक खोली असलेलं घर मिळालं होतं, त्याच्या सह्या उद्या दुपारी. आयुष्यभराची सगळी पुंजी उद्या त्या एका टेबलावर जाणार होती.

“बाई होती की पुरुष?”

“कुजबुजीत कळतं का बाई की पुरुष?”

“मागे काही आवाज?”

ताईने डोळे मिटले. “टोले पडत होते. घड्याळाचे. मला वाटलं बारा वाजले असतील. पण ते संपेनातच. पडतायत आपले.”

“बारा आपलेच वाजलेत,” चिमीचे भावजी, म्हणजे ताईचे यजमान, खोक्यांमागून म्हणाले. “अगं, हा दुसऱ्या गिऱ्हाइकाचा डाव आहे. आपण बिचकलो की घर त्याच्या घशात. वकीलबाईंनी शोध घेतलाय ना? स्वच्छ निघालाय ना? मग?”

“स्वच्छच आहे,” ताई म्हणाली. पण खोक्यात ठेवलेलं पातेलं तिने परत बाहेर काढलं, आणि हातात धरून बसून राहिली.

२

वकीलबाईंचं ऑफिस चपलांच्या दुकानावर होतं. त्यामुळे तिथे कायम नव्या चामड्याचा वास यायचा. बाईंनी अहवाल टेबलावर सरकवला. त्यांचा आवाज दुखावलेला होता.

“मी स्वतः बसून शोधलंय. तीस वर्षं मागे जाऊन. गहाण नाही, कर्ज नाही, कुणाचा दावा नाही.”

“आणि असला तर?” ताईने विचारलं.

“असला तर तो घराला चिकटलेला असतो, माणसाला नाही. मालक बदलला तरी बोजा सुटत नाही. ज्याचं देणं असेल तो उद्या तुमच्या दारात येऊन म्हणेल, माझे पैसे टाका, नाहीतर घर लिलावात काढतो. पण तो प्रश्नच नाही, ताई. पान कोरं आहे.”

“तुम्ही शोधता कशावरून? मालकाच्या नावावरून?” चिमी म्हणाली.

“छे. एका नावाची माणसं गावभर. नोंदणी कार्यालयात सगळं दारावरून लावलेलं असतं. रस्ता आणि त्यावरचा दाराचा क्रमांक. तो सांगायचा की त्या दाराचं सगळं पुढ्यात येतं.”

चिमी अहवाल वाचत होती. वाचता वाचता तिच्या कपाळावर बारीक आठी पडली.

“तीस वर्षांत एकही नोंद नाही? बोजा सोडा. कर्ज काढलं आणि फेडलं, असंही काही नाही?”

“नाही. चांगलंच आहे की.”

“आमच्याकडे एखादं यंत्र दर वेळी बरोब्बर शून्य दाखवायला लागलं, की आम्ही खूश होत नाही. आधी ते चालू आहे का बघतो.”

“झालं हिचं सुरू,” भावजी पुटपुटले.

“घर किती वर्षांचं आहे, बाई?”

“साठेक असेल. मालकाच्या वडिलांनी बांधलेलं.”

“आणि हे कागद?”

वकीलबाईंनी फाइल आपल्याकडे ओढली. मालकीचा दाखला, कराची पावती, नकाशा. एकेक पान उलटताना त्यांचा हात सावकाश होत गेला. सगळे कागद पांढरेशुभ्र, आणि सगळे गेल्या वर्षीचे.

“मालकाचा मुलगा म्हणाला, जुने कसरीने खाल्ले. म्हणून नवे काढले.” त्या थांबल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, “हे मला आधी खटकायला हवं होतं.”

३

संध्याकाळी घर शेवटचं बघायला म्हणून ते गेले. दलाल कुलूप काढूनच उभा होता. मालकाचा मुलगाही आला होता. मालक जुन्या बाजारातल्या आपल्या दुकानातून हलत नसत, त्यामुळे पहिल्यापासून सगळा व्यवहार हाच बघत होता. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मऊ, आणि दर वाक्याला हातातल्या किल्ल्यांचा खुळखुळ.

घर कोपऱ्यावरचं. समोर मोठा रस्ता, बाजूला अरुंद गल्ली. रस्त्याकडच्या दारातून आत पाऊल टाकलं आणि सगळे अंधारात उभे राहिले.

“दिवा?” ताई म्हणाली.

“एक मिनिट हं.” दलाल चाचपडत पूर्ण दिवाणखाना ओलांडून पलीकडे गेला. वाटेत कशाला तरी धडकला, ‘आई गं’ म्हणाला, आणि स्वयंपाकघराच्या चौकटीजवळचं बटण दाबलं. “घराशी ओळख झाली ना, की हात आपोआप जातो बघा. बायकोचा स्वभाव आणि दिव्याचं बटण, दोन्ही सवयीने सापडतं.”

“तुमची बायको ऐकतेय का कुठे?” ताई म्हणाली. हसली मात्र नाही.

चिमी मागे रेंगाळली. जिना दाराकडे पाठ करून उभा होता. वर जायचं तर वळसा घालून स्वयंपाकघराच्या बाजूने जावं लागे. स्वयंपाकघरात गल्लीकडच्या भिंतीला मोठी खिडकी होती, आणि तिच्यावर, छताजवळ, दाराची जुनी घंटा. दार तिकडे टोकाला आणि घंटा इथे? खिडकीखाली जमिनीत एक लांबट दगड बसवलेला होता. चिमी उकिडवी बसली आणि तिने त्यावरून तळवा फिरवला. दगड मधोमध वाटीसारखा खोल होता.

“घराला काही काम केलंय का अलीकडे?” तिने विचारलं.

“रंग दिला फक्त,” मुलगा म्हणाला. “भिंती, दारं, सगळं आजोबांच्या वेळचं.”

“मग हा दगड इतका कसा झिजला?”

“आजी, आई. बायका ओट्याशी उभ्या राहून राहून.” किल्ल्या खुळखुळल्या.

चिमीने मान वर केली. ओटा समोरच्या भिंतीला होता. त्याच्या पायथ्याची फरशी गुळगुळीत आणि सपाट होती. उभं राहून दगडात वाटी पडत नाही. त्याला वर्षानुवर्षं एकाच जागी पाय पडावे लागतात. आणि खिडकीतून रोज ये-जा कोण करतं?

तिने काही बोलून दाखवलं नाही. “एकदा तुमच्या वडिलांना भेटता येईल?”

“बाबांना?” पहिल्यांदाच किल्ल्या गप्प झाल्या. “त्यांना कशाला त्रास? हल्ली त्यांच्या काही लक्षात राहत नाही. भलतंच बोलतात. उद्या सहीपुरते आणतोच मी.” मग ताईकडे वळून, अगदी प्रेमाने, “तुमच्या मनात काही असेल तर आत्ताच सांगा, ताई. दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. फक्त उद्या सही झाली नाही, तर विसार परत मिळणार नाही. तसं ठरलंच आहे आपलं.”

ताईने चिमीकडे पाहिलं. त्या नजरेत रागही होता आणि विनवणीही. काहीतरी सापडू दे, किंवा काहीच सापडू नये, पण हे असं अधांतरी ठेवू नकोस.

४

सकाळी चिमी एकटीच जुन्या बाजारात गेली. मालकाचं आडनाव सांगितल्यावर एका फळवाल्याने बोट दाखवलं. “ते काय. घड्याळवाले.”

दुकान बोळासारखं होतं आणि तिन्ही भिंतींवर घड्याळंच घड्याळं. गल्ल्यामागे एक किडकिडीत म्हातारा डोळ्याला भिंग लावून बसलेला. चिमीने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात एका घड्याळाने टोले द्यायला सुरुवात केली. ते संपण्याआधी दुसऱ्याने, मग कोपऱ्यातल्या उंच घड्याळाने, मग आणखी एकाने. एकमेकांच्या मागून, एकमेकांत मिसळून. टोले पडतायत आपले.

टोले थांबले तेव्हा ती हळूच म्हणाली, “काका, काल दुपारी तुम्ही आमच्या ताईला फोन केला होतात?”

म्हाताऱ्याने भिंग काढलं. डोळे पाणावलेले होते, पण नजर स्वच्छ. विसरभोळ्या माणसाची ती नजर नव्हती.

“मी घड्याळ विकतो,” ते म्हणाले, “तेव्हा मागे पडत असेल तर सांगतो, मागे पडतं. पुढे धावत असेल तर तेही. न सांगता कधी काही विकलं नाही. आणि आता म्हातारपणी...”

दाराशी किल्ल्यांचा खुळखुळ झाला.

म्हाताऱ्याचा चेहरा दिवा मालवावा तसा विझला. “मनगटावरचं द्या इकडे,” ते एकदम मोठ्याने म्हणाले. “पट्ट्याची पीन सैल झालीय. कधीही पडेल.”

पीन सैल नव्हती. चिमीने मुकाट्याने घड्याळ काढून दिलं.

“अरे, तुम्ही इथे?” मुलगा आत आला. आवाज तसाच मऊ. “मी म्हटलं होतं ना, बाबांना त्रास नको.”

“घड्याळ दुरुस्तीला आणलं होतं. बाजारात हेच दुकान सांगितलं लोकांनी.”

मुलगा हलला नाही. बापाच्या हातांकडे बघत उभा राहिला. म्हाताऱ्याने बारीक हत्याराने पट्ट्याचे दोन्ही तुकडे सोडवले, परत बसवले, आणि घड्याळ चिमीच्या तळहातावर ठेवून तिची बोटं मिटली.

“सावकाश बघा हं,” ते म्हणाले. “घाईत वेळ चुकीची दिसते.”

“बघितलंत?” मुलगा हसला. “काहीही बोलतात.”

बाहेर येऊन चिमीने घड्याळ मनगटाला बांधलं, वेळ बघितली आणि जागच्या जागी थबकली. बारा खाली होते, सहा वर. पट्ट्याचे दोन तुकडे एकमेकांच्या जागी बसवलेले होते. दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर ती चूक म्हटली असती. पण जन्मभर हेच केलेला माणूस घड्याळ उलटं बांधून देईल?

यंत्र तेच, काटे तेच. फक्त तोंड फिरवलेलं.

दुसऱ्या क्षणी ती रिक्षा शोधत धावत सुटली.

५

“घर फिरवलंय,” ती फोनवर धापा टाकत म्हणाली. “ताई, भावजींना आणि वकीलबाईंना घेऊन आत्ताच्या आत्ता गल्लीच्या तोंडाशी ये.”

ते आले तेव्हा ती घराच्या बाजूला, गल्लीतल्या भिंतीसमोर उभी होती.

“भावजी, एक सांगा. घरात शिरल्यावर दिव्याचं बटण कुठे हवं?”

“दाराजवळ. हे काय विचारणं झालं?”

“या घरात ते दारापासून सगळ्यात लांब आहे. जिन्याची पाठ दाराकडे. घंटा स्वयंपाकघरात. आणि खिडकीखालच्या दगडात पाय पडून पडून वाटी झालीय. एकेक बघितलं तर वेड्यासारखं वाटतं. पण समजा, दार पूर्वी या गल्लीत होतं, आत्ता ही खिडकी आहे तिथे. मग? बटण दाराशी येतं. जिना समोर येतो. घंटा दारावर येते. आणि तो दगड म्हणजे उंबरा. साठ वर्षं माणसं त्याच्यावरून आत-बाहेर करत होती.”

ताईने भिंतीवर हात ठेवला. रंग सगळीकडे सारखा होता, पण खिडकीच्या दोन्ही अंगांना, वरपासून खालपर्यंत, दोन सरळ बारीक भेगा उमटल्या होत्या. दोन्हींमधलं अंतर दाराएवढं.

“पण कशाला फिरवायचं?” भावजींनी विचारलं.

“मोठ्या रस्त्यावरचं घर आणि गल्लीतलं घर, किंमत एक असते का?” हे वकीलबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. “आणि दार नव्या रस्त्यावर आलं की क्रमांक नवा. दाखले नवे. मी त्या नव्या दाराची तीस वर्षं शोधली, आणि दार झालं असेल वर्षाचं! कोरं असणार नाही तर काय?”

“जुना क्रमांक कसा कळणार?” ताई म्हणाली. “मुलगा काही सांगायचा नाही.”

चिमीने बोट दाखवलं. अलीकडच्या घरावर सात. मध्ये ही भिंत. पलीकडच्या घरावर अकरा.

वकीलबाई रिक्षाकडे निघाल्यासुद्धा होत्या.

नोंदणी कार्यालयात रांग होती, पंखा बंद होता, आणि खिडकीमागच्या कारकुनाला घाई नावाची गोष्ट माहीत नव्हती. सह्यांची वेळ जवळ येत होती. ताई पदराला पीळ घालावा तसा ओढणीला पीळ घालत उभी होती. शेवटी वकीलबाईंनी गल्लीचं नाव सांगितलं, क्रमांक नऊ. कारकुनाने शोधलं, जांभई दिली, आणि संगणकाचा पडदा त्यांच्याकडे फिरवला.

हे पान कोरं नव्हतं. घर फिरवण्याचं, तुळया बदलण्याचं, भिंत नव्याने बांधण्याचं काम केलेल्या कंत्राटदाराची बाकी. करार काम सुरू व्हायच्या आधी झालेला, म्हणून त्यात पत्ता जुना, आणि म्हणून बोजाही जुन्या दारावर. आकडा वाचून भावजी मटकन बाकावर बसले. खाली आणखी एक ओळ होती. पैसे न मिळाल्याने घर लिलावात काढण्याचा अर्ज, आणि लिलावाची तारीख पुढच्याच महिन्यातली.

“शनिवारी आपण तिकडे राहायला जाणार होतो,” ताई म्हणाली. “आणि पुढच्या महिन्यात...”

“मुलाने मुद्दाम केलं असेल?” भावजींनी विचारलं.

“दार किमतीसाठी फिरवलं असेल,” चिमी म्हणाली. “पण आपली फसवणूक मात्र मुद्दाम. नाहीतर ‘रंग दिला फक्त’ असं का सांगितलं? काम झालंच नाही म्हटलं की कामाची बाकी कोण शोधणार?”

तिने बाही ओढून मनगट झाकलं. एक गोष्ट तिने अजून कुणालाच सांगितली नव्हती, आणि त्या टेबलावर ती कुणाला कळता कामा नये होती.

६

वकीलबाईंच्या ऑफिसात सगळे जमले होते. दलालाने पेढ्यांऐवजी बिस्किटं आणली होती, कारण सह्यांआधी पेढे आणले की व्यवहार मोडतो, अशी त्याला म्हणे भीती वाटायला लागली होती. मुलगा खिडकीशी. घड्याळवाले काका खुर्चीच्या कडेवर, मांडीवर हात, नजर जमिनीकडे.

“करायच्या का सह्या?” मुलगा म्हणाला.

“करू की,” वकीलबाई म्हणाल्या. “फक्त गल्ली, क्रमांक नऊ, या दाराचं काय करायचं ते आधी ठरवू.”

किल्ल्या खाली पडल्या. दलालाने बिस्कीट तोंडाजवळ नेलं होतं ते तिथेच राहिलं. त्याच्याकडे एक नजर टाकल्यावर चिमीला कळलं की या माणसाला खरंच काही माहीत नव्हतं.

मुलगा सावरला तो थेट बापावर उलटला. “बाबा, तुम्ही सांगितलंत? आज सकाळी दुकानात हे काय शिजत होतं? काय बोललात तुम्ही हिच्याशी?”

म्हाताऱ्याने मान आणखी खाली घातली.

“त्यांनी काही सांगितलं नाही,” चिमी म्हणाली. “तुम्ही स्वतः तिथे उभे होतात. पीन सैल आहे, एवढंच बोलले. मला तुम्ही सांगितलंत.”

“मी?”

“तुम्ही बोलेपर्यंत खिडकीखालचा तो दगड म्हणजे मला नुसता दगड होता. काल तुम्ही म्हणालात, ओट्याशी उभं राहून झिजला. ओटा समोरच्या भिंतीला आहे. दगड खरं बोलत होता, म्हणजे तुम्ही खोटं. तिथून पुढे बटण, जिना, घंटा. आणि गल्लीत सातनंतर अकरा.”

खाली दुकानात कुणीतरी नवे बूट घालून चालून बघत होतं.

“बाकी मी देणारच होतो,” मुलगा अखेर म्हणाला. आवाजातला मऊपणा गेला होता. “घर विकून. मला फक्त थोडा वेळ...”

“कुणाच्या जिवावर?” ताई ताडकन उभी राहिली. “माझी आई त्या खोलीत झोपणार होती. लिलाववाले आले असते तर तिला उचलून कुठे ठेवणार होतास तू?”

वकीलबाईंनी पर्याय मांडला. किमतीतून कंत्राटदाराची बाकी आधी, थेट त्याला, त्याच्या सहीनिशी. जुन्या दारावरचा बोजा उतरल्याचा दाखला हातात आला की मगच ताईची सही. उरेल ते मालकाचं. तोवर ताईने दुसऱ्या कुणाला काही द्यायचं नाही, आणि मुलाने विसार बुडल्याचा विषयही काढायचा नाही.

“मला मान्य नाही,” मुलगा म्हणाला. “उरणार काय मग?”

“घर माझ्या नावावर आहे,” घड्याळवाले म्हणाले.

इतका वेळ गप्प असलेल्या त्या माणसाचा आवाज बारीक होता, पण कापरा नव्हता. “मला विसर पडतो असं तू सगळ्यांना सांगत फिरलास. मीही गप्प बसलो. एकुलता एक, म्हटलं चुकला असेल. पण त्या दारातून मी तुझ्या आईला घरात आणलं होतं. ते तू बुजवलंस तेही सोसलं. त्याच्या आड चोरी लपवायची, हे नाही.” त्यांनी वकीलबाईंकडे हात पुढे केला. “कुठे सही करायची?”

मुलगा किल्ल्या न उचलताच निघून गेला. जिन्यावर त्याची पावलं बराच वेळ ऐकू येत राहिली.

दाखला आठवड्याने आला. तोपर्यंत खोकी भावजींच्या मित्राच्या गोदामात, आणि आई चिमीच्या एका खोलीत, जमिनीवर गादी टाकून. आई म्हणाली, एवढ्या कमी जिन्याची सवय झाली तर मी इथेच राहीन. या वेळी मात्र खरंच सह्या झाल्या. दलालाने धीर करून पेढे आणले.

निघताना घड्याळवाल्यांनी चिमीला थांबवलं. खिशातून एक बारीक हत्यार काढलं.

“ते द्या इकडे.”

चिमीने बाही सारली. आठवडाभर ती मान वाकडी करून वेळ बघत होती. पट्टा सरळ करून घ्यायचं तिच्या मनातच आलं नव्हतं. म्हाताऱ्याने तिथेच, दाराच्या चौकटीला टेकून, पट्ट्याचे तुकडे सोडवले.

“जन्मात असलं काम केलं नव्हतं,” ते कुजबुजले. “कुणी पाहिलं असतं तर दुकानाला टाळं लावावं लागलं असतं.”

पायरीवर चप्पल घालत असलेली ताई एकदम वळली. ती म्हाताऱ्याकडे बघत राहिली, मग चिमीकडे, मग परत म्हाताऱ्याकडे. कुजबुज तिने ओळखली होती.

ताई पुढे आली आणि वाकून घड्याळवाल्यांच्या पाया पडली.

“काका,” ती म्हणाली, “आईला नव्या घरात वेळ कळायला एक भिंतीवरचं घड्याळ हवंय. तुमच्याकडे असेल ना? टोले देणारं.”

“आहे,” ते म्हणाले. पट्टा नीट बसला का ते त्यांनी दोनदा ओढून पाहिलं. “पण थोडं मागे पडतं हं. आधीच सांगतो.”